पालथा पडलेला फोन

मासळी बाजारात पुरुष एकटा आला की तो हमखास फोन काढतो. घरून त्याला बजावून पाठवलेलं असतं, आधी फोटो पाठवा, मग घ्या. हलवा कुठला नि पापलेट कुठलं हे न कळणारे कितीतरी साहेब लोक आमच्या मासळीच्या पाटीसमोर उभे राहतात, फोटो पाठवतात आणि तिकडून हो-नाही येईपर्यंत ताटकळतात. आम्ही त्यांना मदत करतो. मासा उचलून उजेडात धरायचा, अंगठ्याने कल्ला उघडून आतला लाल रंग दाखवायचा. फोटो चांगला आला की मासा खपला म्हणून समजा.

हे वहिनीला मी शिकवलं. भावाशी लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा पाटीमागे अंग चोरून बसायची. मी म्हणायचे, "अगं, पुढे वाक, मासा त्यांच्या फोनसमोर धर. लाजून धंदा होतो का?" आणि गिऱ्हाइकाला ओरडून सांगायचे, "काढा साहेब, खुशाल काढा! फोटोला पैसे पडत नाहीत!"

माझा आवाज खणखणीत आहे. आईचा त्याहून. आई करंजा बंदरावरची, लहानपणापासून तिथल्या लिलावात ओरडून ओरडून तिचा गळा तयार झालेला. ती पहाटे करंज्याला जाऊन माल घेते आणि टेम्पोने पनवेलला आणते. आठवडाभर पाटीवर ती आणि वहिनी बसतात. मी सोमवार ते शनिवार कोन गावाजवळच्या एका कंपनीत रिसेप्शनला असते. इस्त्रीचा कुर्ता, केसांना क्लिप, "गुड मॉर्निंग सर". रविवारी मात्र आई दुसरा माल आणायला परत करंज्याला जाते आणि तिच्या जागेवर मी बसते. हे ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, कारण मला लाज वाटायची. उगाच कशाला खोटं बोलू?

तर एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी फोन पुढे करून म्हणाला, "हे बघा, आपल्या पनवेलचं आहे." चार-पाच जणांनी माना खुपसल्या. मीही खुपसली. व्हिडिओ वरून घेतलेला होता. एक कोळीण वाकून मासा उचलते, सरळ होते, पुन्हा वाकते. कॅमेरा मासळीवर नव्हताच. तिच्या चोळीच्या गळ्यात होता. वर कसलं तरी गाणं आणि खाली लिहिलेलं, ते मी इथे लिहिणार नाही. सगळे हसले. मीही हसले. चार माणसांत बसलं की तोंड आपोआप हसतं, तसं. मग गाण्याच्या मागून एक आवाज आला, "काढा साहेब, खुशाल काढा!"

तो माझा आवाज होता. आणि ती वाकलेली बाई माझी वहिनी.

चेहरा अर्धाच दिसत होता, पण हातातल्या हिरव्या बांगड्या मीच तिला घेऊन दिल्या होत्या. ज्याच्या कानाखाली तिथल्या तिथे वाजवायला हवी होती तो माणूस माझ्यासमोर बसून भाकरी मोडत होता. मी काय केलं? डबा बंद केला, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. बोलले असते तर कळलं असतं ना, मी कोण ते. नोकरीच्या खुर्चीवर येऊन परत बसले आणि संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला गुड आफ्टरनून म्हणत राहिले.

घरी पोचले तर तो व्हिडिओ माझ्या आधी पोचला होता. भाऊ बंदरावर क्रेन चालवतो, तिथे कुणीतरी त्याला दाखवला. मी दारात असतानाच ताट भिंतीवर आदळल्याचा आवाज आला. आमटी भिंतीवरून खाली ओघळत होती आणि भाऊ वहिनीचा दंड धरून विचारत होता, "दिसला नाय तुला? वर मानूस उभा हाय, दिसला नाय?" ती म्हणाली, नाही दिसला. त्याने तिच्या तोंडात मारली. एकदा नाही. दुसऱ्या वेळी तिचं डोकं फळीवर आपटलं आणि वरचा डबा खाली पडून सगळीकडे तांदूळ झाले. आईने मध्ये पडून त्याला ढकललं. "तिला काय मारतोस मेल्या? जा, त्याला शोद नि मार!" वहिनीच्या ओठातून रक्त येत होतं आणि ती खाली बसून तांदूळ गोळा करत होती.

"उद्यापासून बाजारात बसायचं नाय," भाऊ म्हणाला.

वहिनीला बाजार आवडायला लागला होता हो. दोन वर्षांत तिचा आवाज मोकळा झाला होता, तिची स्वतःची गिऱ्हाइकं झाली होती. तिने माझ्याकडे बघितलं. फोटोला पैसे पडत नाहीत हे कोण ओरडत होतं, ते तिलाही ऐकू आलं होतं.

पोलिसांत अर्ज दिला. ते म्हणाले, बघतो. व्हिडिओ टाकणारं ते खातं बंद झालं आणि दुसऱ्याच नावाने तोच व्हिडिओ परत आला. मग मी ठरवलं, आपणच बघू. भावाला म्हटलं, या रविवारी तिला बसू दे, मी त्या नालायकाला पकडून देते. आजूबाजूच्या चार-सहा बायकांना सांगून ठेवलं, ज्याचा फोन मासळीवरून जरा जरी हलला, तो गेला. आईला काहीच सांगितलं नाही, ती नेहमीसारखी करंज्याला गेली. वहिनीला यायचं नव्हतं. ती म्हणाली, "ताई, मला भीती वाटते." मी म्हटलं, "मी आहे ना!" गळाला कोलंबी लावावी तसं मी तिला पुढे बसवलं.

रविवारी अकराच्या सुमारास तो आला. साठीच्या पुढचा, खोचलेला शर्ट, जाड चष्मा, हातात कापडी पिशवी. मी त्याला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. वहिनी तेव्हा मान खाली घालून मासे धूत होती. त्याने फोन काढला आणि पाटीवर धरला. इथपर्यंत ठीक. मग तो फोन हळूहळू वर आला, वहिनीवर थांबला आणि तिथेच राहिला. त्याचे ओठ हलत होते. स्वतःशीच काहीतरी बोलत तो हसत होता.

माझ्या हातात कोयता होता. सुरमईचे तुकडे करत होते. धार वापरली नाही, एवढंच काय ते माझं भाग्य. कोयत्याची पाठ मी त्याच्या मनगटावर घातली. कडकन आवाज झाला. फोन उडून खाली ओल्या फरशीवर पडला, पालथा. तो "अहो, अहो" म्हणेपर्यंत मी त्याची गचांडी धरून थोबाडात दोन ठेवून दिल्या होत्या. "आईबहिणी नाहीत का रे तुला घरी?" बाकीच्या टपलेल्याच होत्या. एकीने घाण पाण्याची बादली त्याच्या डोक्यावर उलटी केली. दुसरीने मागून लाथ घातली, तो गुडघ्यांवर आला. चष्मा कुणाच्या तरी पायाखाली चिरडला. "मारा, मारा मेल्याला!" मी त्याच्यावर वाकून मारत होते. चपलेने मारलं, मुठीने मारलं. भुवईवर त्याला खोक पडली आणि रक्त डोळ्यात उतरलं. बर्फाच्या पाण्यातून ते गटाराकडे चाललं होतं. तो हात वर करत नव्हता. एक हात मोडलेला, आणि दुसऱ्या हाताने तो खालचा फोन चाचपडत होता. मला वाटलं, पुरावा लपवतोय. मी त्या हातावर पाय दिला.

"ताई, नको, ताई!" वहिनी ओरडत होती. मला वाटलं, रक्त बघून घाबरली.

मग दम लागला म्हणून मी थांबले. आता याचे फोटो सगळ्यांना दाखवते म्हणून फोन उचलून सुलटा केला.

त्यात एक बाई होती. पांढऱ्या केसांची, उशीला टेकवून बसवलेली, तोंडाची एक बाजू किंचित वाकडी. व्हिडिओ कॉल चालू होता. तिचा आवाज त्या गलक्यात कुणाला ऐकू गेला नव्हता, आणि आता ओरडून ओरडून तो बसला होता. ती नुसतं तोंड हलवत होती. "सोडा त्यांना, सोडा," असं ती म्हणत होती.

मी आयुष्यात पुष्कळ मासे मेलेले पाहिलेत, पण हातपाय गार पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

वहिनीने आपला पदर फाडून त्याच्या भुवईवर दाबला. रिक्षात घालताना तो तिला एवढंच म्हणाला, "मंडळींना मावशींची सून बघायची होती. बरेच दिवस दिसली नव्हती." बाकीच्या बायका आपापल्या पाट्यांवर जाऊन बसल्या आणि माशा हाकायला लागल्या. कुणाला काही दिसलंच नव्हतं. दवाखान्यात त्याने पाय घसरला म्हणून सांगितलं. मनगटाला प्लास्टर, भुवईला पाच टाके.

पण संध्याकाळपर्यंत व्हिडिओ आला होता. खाली लिहिलं होतं, पनवेलच्या वाघिणींनी विकृताला धडा शिकवला. माझी पाठ, माझी वर उठलेली चप्पल आणि समोर त्याचा चेहरा. चष्मा नसलेला, भिजलेला, रक्ताने माखलेला, पण ओळखू येईल असा स्वच्छ. लोकांनी हृदयं पाठवली होती, टाळ्या पाठवल्या होत्या. "अजून मारायला हवा होता," असं कितीतरी जणांनी लिहिलं होतं. ऑफिसातल्या त्या भाकरीवाल्याने तर मला ओळखलं नाही आणि तोच व्हिडिओ मला पाठवून खाली लिहिलं, "सलाम!"

आई करंज्याहून आली, मी तिला सगळं सांगायला लागले. ती म्हणाली, दाखव. मी फोन दिला. तिने डोळे बारीक करून पाहिलं, आणि फोन माझ्या हातात परत देऊन मला अशी चपराक मारली की कानात शिट्टी वाजली.

"अगो भवाने, यो तं आपला बुदवारचा बोंबीलवाला हाय! त्याची बायको झोपून हाय घरान, तिला बाजार दाखवतो फोनान. दर बुदवारी येतो. मी बोलते तिच्याशी! तुला काय कलतं, तू रविवारची!"

आम्ही गिऱ्हाइकाला नावाने ओळखत नाही, माशाने आणि वाराने ओळखतो. बुधवारचा माणूस रविवारी आला. आदल्या बुधवारी वहिनी बाजारात नव्हती, म्हणून तो मुद्दाम रविवारी आला होता, कारण बायकोने विचारलं होतं, ती पोरगी आजारी तर नाही ना? हे मला नंतर कळलं. वहिनी "नको" ओरडत होती, ती त्याला ओळखून. मला वारच ठाऊक नव्हता त्याचा.

रात्रभर मी दोन्ही व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. वहिनीचा आणि त्याचा. दोन्हींच्या वरच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीची तीच फाटकी कड, तीच लोंबणारी दोरी. सकाळी मी बाजाराला लागून असलेल्या जुन्या इमारतीच्या जिन्यावर चढले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभी राहिले तर खाली बरोबर आमची पाटी. भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या. तो तिथे उभा होता. मी खाली एका म्हाताऱ्याला तुडवत होते तेव्हा तो माझ्या डोक्यावर उभा राहून ते टिपत होता, आणि मीच त्याला ते दृश्य फुकटात दिलं होतं. तो कोण, ते आजतागायत कळलेलं नाही.

आई म्हणाली, "मारलंस तिथंच सांग. तेवढ्याच मोट्यानं सांग." पुढच्या रविवारी मी पाटीपाशी उभी राहिले. गर्दी होती. ओरडले, "ऐका हो ऐका! ज्या माणसाला मी इथे मारलं तो निर्दोष होता. बायकोला बाजार दाखवत होता. चूक माझी आहे. काढा माझा व्हिडिओ, खुशाल काढा!" लोकांनी माझ्याकडे पाहिलं. एक बाई म्हणाली, "सुरमई कशी दिली?" एकाचाही फोन खिशातून निघाला नाही. शेवटी मी माझा फोन वहिनीच्या हातात दिला. त्या दिवसापासून ती फोनकडे बघतही नव्हती. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि पूर्ण होईपर्यंत खाली केला नाही. तो व्हिडिओ मी टाकला. पाहिला कुणी? आमच्याच नात्यागोत्यातल्यांनी. मारामारीचा मात्र अजून फिरतोय.

बुधवारी रजा टाकून मी आणि आई नवीन पनवेलला त्यांच्या घरी गेलो. तिसरा मजला. दारात चपलांचं मोठं कपाट, लहान मुलांच्या मापाचे खण, सगळे रिकामे. दार त्यांच्या लेकीने उघडलं. मी "काका आहेत का" म्हटलं, आणि आतल्या खोलीचं दार लागलं. माझा आवाज ऐकून लागलं.

ती बाई पलंगावर होती. आईला म्हणाली, "या मावशी, बसा." मला बस म्हणाली नाही.

लेकीने सांगितलं. काका निवृत्त झाल्यापासून सोसायटीतल्या मुलांना गणित शिकवायचे, फुकट. संध्याकाळी घर भरलेलं असायचं. व्हिडिओ आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून एकही मूल आलेलं नाही. माझा माफीचा व्हिडिओ तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. कुणीतरी उत्तर दिलं, आगीशिवाय धूर निघत नाही. काका तेव्हापासून खाली उतरलेले नाहीत. दुधाची पिशवीसुद्धा दारातून घेत नाहीत.

मी त्या पलंगाच्या पायाशी खाली बसले. हात जोडले. "काकू, मी घरोघरी जाऊन सांगते. प्रत्येक दार वाजवते."

"वाजवा," ती म्हणाली. बोलताना तिला वेळ लागायचा, एकेक शब्द जुळवून बोलायची. "वाजवाच. पण एक विचारायचं होतं. लेकीने मला तुमचे दोन्ही व्हिडिओ दाखवले, मारण्याचा आणि माफीचा. मारतानाच्यात तुमची पाठ आहे. सगळ्यांनी पाठच पाहिली. मी तोंड पाहिलं. फोन पालथा पडला होता ना, कॅमेरा वर, आणि तुम्ही अगदी वरून वाकला होतात."

"मी रागात होते, काकू. माझ्या वहिनीचं—"

"राग मला समजला असता." ती थांबली. तोंडाची ती वाकडी बाजू सावरून तिने पुढचे शब्द नीट उच्चारले. "तुम्ही हसत होतात."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. आईकडे पाहिलं, आई खिडकीबाहेर बघत होती. आणि मला ते आठवलं. दुसऱ्या थपडेनंतर हात कसा हलका झाला होता, बायकांनी "मारा, मारा" म्हटल्यावर अंगात कशी उकळी फुटली होती, गुरुवारपासून गिळलेलं सगळं कसं मोकळं वाटलं होतं. मजा आली होती मला. दुसरा शब्द नाही त्याला.

"हो," मी म्हटलं. "हसत होते."

बंद दाराआड काका खोकले.

"बोंबील आणलेत ना? ते फ्रिजमध्ये ठेवा," ती म्हणाली, "आणि जाताना दार ओढून घ्या."

मी बोंबील फ्रिजमध्ये ठेवले, दार ओढून घेतलं आणि समोरच्या घराची बेल वाजवली.